लेझिमी आल्या नाहीत, तक्रार मागे घ्यायची का?

प्रेषक: स्नेहल
बुधवार, १२ ऑगस्ट, सकाळी ७.५०

नमस्कार मंडळी,

लेझिमींचा अजून पत्ता नाही. ३० जूनला खरेदीच्या साइटवरून एका विक्रेत्याकडून मागवल्या, १४ जुलैपर्यंत यायच्या होत्या. ट्रॅकिंगवर ११ जुलैपासून 'डिलिव्हर्ड' दिसतंय, पण हॉलवर काहीही आलेलं नाही, मी दोनदा जाऊन पाहिलं. रविवारी साइटवर तक्रार टाकली. काल रात्री विक्रेत्याचा निरोप आला: तक्रार मागे घ्या, दुसरा सेट लगेच पाठवतो. तक्रार टाकायची मुदत उद्या रात्री संपते. मला मागे घ्यावीशी वाटते, कारण १८६ पौंड परत आले तरी मुलांच्या हातात काय देणार? गणपती १४ सप्टेंबरला आहे. अनुभव असेल त्यांनी आजच कळवा.

स्नेहल

---

प्रेषक: प्रकाशकाका
सकाळी ८.३५

स्नेहल, मागे घेऊ नकोस. माझं इडलीचं ग्राइंडर असंच गेलं. विक्रेता फोनवर इतका गोड बोलला की मी त्याच दिवशी तक्रार बंद केली. आठ दिवस वाट पाहून साइटला लिहिलं तर उत्तर आलं, ग्राहकाने स्वतः बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. त्याला पाठवायचंच असेल तर तक्रार चालू असतानाही पाठवू शकतो. माल हातात आला की मग मागे घे, एक तास आधीही नाही.

---

प्रेषक: मंदार
सकाळी ९.१०

काकांशी सहमत. स्नेहल, पैसे क्रेडिट कार्डावर भरलेस का? इथे ब्रिटनमध्ये १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ आहे. वस्तू १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पर्यंत असली, तर विक्रेत्याइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार ठरते. दोन अडचणी आहेत. किंमत एकेका वस्तूची धरतात, बिलाची बेरीज नाही. सेट म्हणून एकच किंमत असेल तर ठीक, पण बारा लेझिमी सुट्ट्या लावल्या असतील तर नाही. आणि पैसे साइटमार्फत गेले असतील तर तुझा आणि विक्रेत्याचा थेट संबंध तुटला म्हणून बँक नकार देऊ शकते.

---

प्रेषक: विनय (खजिनदार)
सकाळी १०.०५

मंडळाच्या खरेदीचा विषय आधी कार्यकारिणीकडे यायला हवा होता. मंडळाचं कार्ड असताना ही खरेदी कोणाच्या कार्डावर झाली? मागच्या वर्षी मंडपाच्या कापडाच्या वेळी हेच ठरलं होतं.

---

प्रेषक: स्नेहल
सकाळी १०.२०

विनयदादा, जूनमध्ये तुम्ही नागपूरला होतात आणि कार्ड तुमच्याकडे होतं. माझ्या डेबिट कार्डावर घेतलं. मंदार, म्हणजे कलम ७५ गेलंच ना?

---

प्रेषक: वसुधाकाकू
सकाळी ११.४०

ऑनलाइन लेझिमी घ्याव्यातच कशाला? मागच्या खेपेच्या हातात धरल्या तरी वजन लागत नव्हतं, चकत्या पातळ, साखळी दोन दिवसांत निसटली. साताऱ्याला आमच्या शाळेत पी. टी. चे सर सगळ्या वर्गाला एकदम खाली वाकवायचे, तेव्हा पटांगणापलीकडच्या रस्त्यावर माणसं थांबायची. तो खळखळाट या लेझिमींत येत नाही. माझा भाऊ ५ सप्टेंबरला पुण्याहून येतोय. त्याच्याकडे २३ किलोच्या दोन बॅगा आहेत.

---

प्रेषक: मंदार
दुपारी १२.१५

डेबिट असेल तर कलम ७५ नाही, पण चार्जबॅक आहे, म्हणजे बँकेने विक्रेत्याकडून पैसे परत मागवणं. तो कायदा नाही, कार्ड कंपन्यांचा नियम आहे. न आलेल्या मालासाठी साधारणपणे माल यायच्या तारखेपासून १२० दिवस मिळतात, म्हणजे तुला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. पण आज बँकेत जाऊ नकोस. दोन्हीकडे एकदम दावा केला की साइट बहुधा आपली तक्रार बंद करते. आधी साइटचा निकाल, मग बँक.

'डिलिव्हर्ड' लिहिलंय म्हणून घाबरू नकोस. विक्रेता व्यावसायिक असेल तर २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे माल तुझ्या, किंवा तू सांगितलेल्या माणसाच्या, ताब्यात येईपर्यंत जोखीम त्याची. कुरिअरवाल्याशी त्याने भांडायचं, तू नाही. फक्त ऑर्डर देताना 'दाराशी ठेवा' किंवा 'शेजाऱ्याकडे द्या' असं काही निवडलं होतंस का, ते पाहा. तिथे गोष्ट बदलते.

---

प्रेषक: प्रकाशकाका
दुपारी १२.५०

विनय, कार्ड कोणाचं हा वाद बैठकीत घालू. मुलीने स्वतःचे पैसे घालून मंडळाचं काम केलंय.

---

प्रेषक: मंदार
दुपारी १.३०

अजून एक. ट्रॅकिंगच्या पानावर खाली पार्सलचं वजन आणि दाराचा फोटो असतो. पाहिलास का?

---

प्रेषक: स्नेहल
दुपारी २.०५

नाही निवडलं तसं काही. आणि आत्ता फोटो उघडला. निळं दार, पायरीवर कुंडी, आणि पायपुसण्यावर एक पातळ पाकीट. आपल्या हॉलचं दार तपकिरी, दोन पाखांचं, त्यावर योगवर्गाची पाटी. वजन ०.३१ किलो लिहिलंय. बारा लेझिमी ३१० ग्रॅममध्ये! हे मी महिनाभर पाहिलंच नाही, फक्त 'डिलिव्हर्ड' वाचत राहिले.

---

प्रेषक: मंदार
दुपारी २.२०

मग हे चुकून झालेलं नाही. त्याच पोस्टकोडमधल्या भलत्याच घरी रिकामं पाकीट पाठवायचं, म्हणजे ट्रॅकिंगवर आपला पोस्टकोड आणि 'डिलिव्हर्ड' दोन्ही दिसतं. ही जुनी युक्ती आहे. तक्रार मागे घ्यायला सांगतोय तो याचसाठी. फोटो, वजन आणि हॉलच्या दाराचा फोटो तिन्ही तक्रारीला जोड. कुरिअरला लिहून विचार की पार्सल आपल्या पत्त्यावर दिलं गेलं का. कोणाच्या घरी दिलं ते सांगणार नाहीत, पण 'तुमच्या पत्त्यावर नाही' एवढं लेखी मिळालं तरी पुरे. विक्रेत्याशी फोनवर बोलू नकोस, जे काही ते साइटच्या निरोपातच.

---

प्रेषक: स्नेहल
रात्री ९.१५

हॉलच्या दाराचा फोटो संध्याकाळी काढून आणला. तिन्ही जोडले, मुदतीच्या आत गेलं. विक्रेत्याला 'माल आल्यावर मागे घेईन' एवढंच लिहिलं. त्यानंतर त्याच्याकडून काही नाही. कुरिअरच्या उत्तराची वाट पाहते.

वसुधाकाकू, तुमचे भाऊ बारा आणू शकतील का? दहा किलोच्या आसपास होतील. पैसे मी आधी पाठवते.

---

प्रेषक: विनय (खजिनदार)
रात्री ९.४०

स्नेहल, या वेळी पैसे मंडळाच्या खात्यातून जातील. काकू, भावाला पक्कं बिल घ्यायला सांगा. आणि शनिवारच्या सरावाला मागच्या खेपेच्या सात शिल्लक आहेत, माझ्या गॅरेजमध्ये. साखळ्या मी उद्या जोडून ठेवतो.