कन्सोलवर ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळी वर्गणी का भरावी?

प्रश्न:
सोनीचा प्लेस्टेशन हा गेम खेळण्याचा कन्सोल विकत घेतला, गेमची पूर्ण किंमत मोजली, घरच्या इंटरनेटचे बिलही भरतो. तरीही मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर प्लेस्टेशन प्लस या सशुल्क सेवेचे सदस्यत्व घ्यावेच लागते. पीसीवर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेल्या गेमला अशी वर्गणी लागत नसताना हा भार आपल्यावरच का?

पहिले उत्तर:
मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या एक्सबॉक्स कन्सोलसाठी एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा सुरू केली, तेव्हा सर्व गेमसाठी एकच खाते, मित्रांची यादी आणि बोलण्याची सोय एकत्र मिळाली, आणि त्या काळी त्यासाठी पैसे मागणे मला रास्त वाटते. प्लेस्टेशन ३ वर मात्र ऑनलाइन खेळणे विनाशुल्क होते. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि ती मोकळीक संपली. निन्टेन्डोनेही सप्टेंबर २०१८ पासून आपल्या स्विच या कन्सोलवर तोच मार्ग धरला.

दुसरे उत्तर:
ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या सर्व्हरचा, म्हणजे कंपनीच्या संगणकांचा, खर्च भागवायला वर्गणी लागते, हे कारण मला पटत नाही. अनेक गेममध्ये खेळाडूंचीच यंत्रे परस्परांशी जोडली जातात. शिवाय फोर्टनाइटसारख्या मोफत गेमला प्लेस्टेशनवर सदस्यत्व लागत नाही, आणि एक्सबॉक्सनेही एप्रिल २०२१ मध्ये अशा गेमपुरती ही अट काढून टाकली. म्हणजे ज्याने गेमसाठी पैसे मोजले, नेमके त्यालाच दारात अडवले जाते. हा उघड अन्याय आहे.

तिसरे उत्तर:
दरमहा मिळणारे गेम आणि क्लाउडवर जतन होणारी प्रगती यांसाठी मी वर्गणी आनंदाने भरतो. ती सोय ज्याला हवी त्याने घ्यावी. मित्राबरोबर खेळण्याचा हक्क तिला बांधू नये.