मदत हवी आहे: अंगणवाडी ते चौथीच्या मुलांना भेटायला जवान येणार आहेत, शाळेला काय कळवू?

सुरंगी

नमस्कार मंडळी. धागा पालकत्वात टाकू की समाजात, कळेना. चुकला असेल तर हलवावा.

रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं गाव, नाव मुद्दाम देत नाही. चौथीपर्यंतची मराठी शाळा, आवारातच अंगणवाडी. मुलगी दुसरीत, मुलगा अंगणवाडीत. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. दुसरं कोणी तयार होईना म्हणून माझं नाव घातलं, पण आहे खरी.

४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आठवड्यात शाळेत कार्यक्रम ठरतोय. काही जवान आणि तालुक्यातले माजी सैनिक येणार. ग्रुपवर पत्रिका आली ती अशी: स्वागत, समूहगीत, शस्त्रांची ओळख, शस्त्रांसोबत मुलांचे फोटो, अतिरेकी कसा पकडतात त्याचं प्रात्यक्षिक, आणि शेवटी शपथ. शपथेत मुलांनी हात पुढे करून 'मी मोठा होऊन सैन्यात जाईन आणि शत्रूचा नायनाट करीन' असं म्हणायचं. माझा धाकटा अजून 'र' म्हणत नाही, तो 'शत्लूचा नायनाट' करणार.

ऐकून हसायला येतं, पण शेजारच्या एका शाळेत असाच कार्यक्रम झाला त्याचे फोटो पाहिले आणि हसू गेलं. एका फोटोत पहिलीतली पोर आहे. रायफलचा पट्टा गळ्यात, दस्ता जमिनीला टेकलेला, नळी कानाच्या वर. मागून जवानाने एका हाताने तोलून धरलीय. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, पोर मात्र चापाकडे बघतेय आणि तिचं बोट बरोब्बर तिथे आहे. रायफल रिकामी असणार, यात मला शंका नाही. तरी तो फोटो डोक्यातून जाईना.

आमचं घर सैन्याच्या विरोधातलं नाही. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. कार्यक्रम व्हावा असं सगळ्यात जास्त त्यांनाच वाटतं. "पोरांना कळू दे म्हाताऱ्याला पेन्शन कशाची येते ते," असं त्यांचं म्हणणं. त्यांना दुखवायचं नाही आणि गप्पही बसवत नाही, अशी गोची झालीय.

मला विचारायचं आहे ते असं. इतक्या लहान मुलांसमोर असा कार्यक्रम करण्याबद्दल काही नियम आहे का? असल्यास समितीची सभासद म्हणून मी काय सांगू शकते? आणि गावात 'ही देशाच्या विरोधात' असा शिक्का न बसता हे बोलायचं कसं? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड वाटतोय.

'मग पाकिस्तानात जा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

तिठा

ताई, सरळ बंदी आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आहे, भारताने सही केलीय. मुलांना सैन्याशी जोडताच येत नाही. मुख्याध्यापकांना तेवढं सांगा, विषय संपला.

काळा कोट पांढरी पट्टी

तिठा, विषय संपत नाही. हे सांगितलंत तर ताई सभेत तोंडघशी पडतील.

भारताने बालहक्क करार १९९२ साली स्वीकारला. सशस्त्र संघर्षातल्या मुलांबद्दलचा जोडकरार २००० चा, तो भारताने २००५ मध्ये मान्य केला. त्याचा रोख मुलांची भरती आणि प्रत्यक्ष लढाई यांवर आहे. त्या वेळी भारताने कळवलं होतं की आमची भरती पूर्ण ऐच्छिक आहे आणि १८ पूर्ण झाल्याशिवाय कोणाला कारवाईच्या भागात पाठवत नाही. शाळेला भेट, प्रदर्शन, भाषण यांवर त्यात बंदी नाही. शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षांखालच्या माणसाला बंदुकीचा परवाना मिळत नाही (नेमबाजीच्या खेळाडूंना सवलत आहे), पण जवानाच्या देखरेखीखाली काढलेल्या फोटोला ते कलम लावायला जाऊ नका, टिकणार नाही.

तुमचा खरा आधार घरचाच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं २१ वं कलम. समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं हे समितीचं कामच आहे. कार्यक्रमपत्रिका समितीपुढे ठेवा म्हणणं हा तुमचा हक्क. 'बेकायदा आहे' म्हणण्याऐवजी 'या वयाला हे नको' म्हणा.

पडवीतून

मला यात काही गैर दिसत नाही. दिवाळीत हीच पोरं टिकल्यांची पिस्तुलं उडवतात, अंगणात किल्ला करून त्यावर तलवारवाले मावळे उभे करतात, तेव्हा कोणाला मानसशास्त्र आठवत नाही. दापोलीला अजून कॅम्प दापोली म्हणतात, ते उगाच नाही. मंडणगड, खेड, दापोली पट्ट्यात शेतीवर पोट भरेना म्हणून पिढ्यान् पिढ्या माणसं पलटणीत गेली. खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. आता पोरं मुंबईला सिक्युरिटीत बारा बारा तास उभी राहतात. चार पोरांच्या डोक्यात सैन्य शिरलं तर वाईट काय? उलट इकडे फारसं कोणी येत नाही, हीच तक्रार हवी.

सुरंगी

पडवीतून, पिढ्यांचं म्हणणं मान्य. पण टिकल्यांचं पिस्तूल खेळणं आहे हे पोराला माहीत असतं. कंटाळा आला की ते टाकून ते जेवायला येतं. इथे खरी वस्तू, खरा गणवेश, समोर बाई आणि सरपंच, आणि सगळ्यांच्या तोंडून एकसुरात शपथ. त्यात नको म्हणायला जागाच नाही.

डेकवरचा

वेंगुर्ल्याचा आहे, नौदलातून निवृत्त. गेली काही वर्षं बोलावतील त्या शाळेत जातो, म्हणून थोडं सविस्तर.

आम्हाला शस्त्र हातात मिळायच्या आधी शस्त्राचे नियम पाठ करून घेतात. पहिलाच नियम, प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असं समजायचं. दुसरा, डागायचं नसेल तर बोट चापापासून लांब. तुम्ही सांगितलेल्या फोटोत हे दोन्ही मोडलेत, तेही गणवेशातल्या माणसासमोर. पोराचा दोष शून्य. त्याला नियम समजायचं वय नाही, म्हणूनच शस्त्र द्यायचं वय नाही. तुमच्या सासऱ्यांना एवढंच विचारा: रिक्रूट असताना तुमच्या उस्तादाने असं धरू दिलं असतं का? फौजी माणसाला हे लगेच कळतं.

मी काय करतो ते सांगतो. दोरी नेतो. गाठी शिकवतो, बोलाइन वगैरे. मच्छीमारांच्या पोरांना माझ्यापेक्षा बऱ्या गाठी येतात, मग तीच मला शिकवतात आणि वर्ग त्यांचा होतो. लाइफजॅकेट नेतो, प्रत्येकाला घालून पट्टे आवळायला लावतो. समुद्रात कोणी अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, किनाऱ्यावर संशयास्पद काही दिसलं तर १०९३, हे दोन नंबर पाठ करून घेतो. बोटीवर चपाती कशी लाटतात हे सांगितलं की सगळ्यात जास्त प्रश्न येतात. बोट हलते तेव्हा लाटणं कुठे जातं, असं एकाने विचारलं होतं.

नौदल दिनाचं म्हणाल तर ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याची ती आठवण. हे चौथीच्या पोराला सांगता येतं. पण त्याच आठवड्यात, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले. मोठ्या मुलांना मी दोन्ही सांगतो, अंगणवाडीला दोन्ही नाही. जिंकल्याचं तेवढं सांगायचं आणि गेलेल्यांचं गाळायचं, असं माझ्याच्याने होत नाही.

बाणकोटची

माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि बंदुकीपेक्षा मला ते जास्त लागतं.

आम्ही कोकणी मुसलमान. आमच्या घरात तीन पिढ्या जहाजावर, चुलत दीर नौदलात. माझ्या मुलाच्या शाळेत असंच प्रात्यक्षिक झालं. अतिरेकी झालेल्या माणसाला जे कपडे घातले होते, तसे माझे सासरे जुम्म्याला घालतात. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, बहुतेक हाताशी होतं ते घातलं असेल. पण नंतर मधल्या सुट्टीत तोच खेळ सुरू झाला आणि अतिरेकी कोण व्हायचं ते ठरलेलं असायचं. मुलगा घरी येऊन काही बोलला नाही. शेजारच्या मुलीने सांगितलं.

बाईंशी बोलले. त्या चांगल्या आहेत, त्यांनी खेळ बंद केला. पण सहा-सात वर्षांच्या पोरांपुढे 'शत्रू' उभा करायचा म्हटला की त्याला काहीतरी चेहरा द्यावाच लागतो, आणि तो चेहरा वर्गातल्या कोणाच्या तरी घरातला निघतो. सुरंगी, बाकी काही जमलं नाही तरी प्रात्यक्षिक तेवढं थांबवाच.

सुरंगी

बाणकोटची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याही अंगणवाडीत मोहल्ल्यातली मुलं आहेत. मनापासून आभार.

गुरुजी (अजून नोकरीत)

शिक्षकाची बाजू कोणी मांडेना म्हणून लिहितो. वरून परिपत्रक येतं, केंद्रप्रमुखांचा फोन येतो, फोटो पाठवा. बंदुकीसोबतचा फोटो उठून दिसतो, गाठी मारणाऱ्या पोरांचा दिसत नाही. जून २०२५ मध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक सैनिकी प्रशिक्षण देणार असं जाहीर केलं. माजी सैनिक, एनसीसी, क्रीडाशिक्षक यांची मदत घ्यायची, हेतू देशप्रेम, व्यायाम, शिस्त. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एनसीईआरटीने ऑपरेशन सिंदूरवर पूरक साहित्य काढलं, तेही तिसरीपासून. या वाऱ्यात मुख्याध्यापक एकट्याने नाही म्हणणार नाहीत. समितीने लेखी दिलं तर त्यांना बरंच होईल. मला तरी झालं असतं.

वयाचं म्हणाल तर एनसीसीसुद्धा माध्यमिक शाळेत सुरू होते, साधारण आठवीपासून. एनसीसीचा १९४८ चा कायदा कॅडेटवर सैनिकी सेवेचं बंधन घालत नाही. नाव स्वतःहून द्यायचं असतं, पालकांची सही लागते. तेराव्या वर्षी जे विचारून होतं, ते चौथ्या वर्षी न विचारता कसं, हा प्रश्न सभेत टाका. माझ्या माहितीत याला कोणाकडे उत्तर नाही.

(अवांतर: आमच्या वेळची शाळेतली एमसीसी, म्हणजे महाराष्ट्र कॅडेट कोर, आठवली. तिन्ही वर्षं लाकडी बंदूकसुद्धा मिळाली नाही, नुसतं 'दाहिने मूड'.)

परसातला मॅपल

अमेरिकेतून. इथे २००२ पासून कायदा आहे की हायस्कुलाने विद्यार्थ्यांची नावं आणि फोन नंबर सैन्यभरतीवाल्यांनी मागितले तर द्यायचे. पालकांनी लेखी नकार दिला तर देत नाहीत. आम्ही दिला. पुष्कळ पालकांना असा नकार देता येतो हेच माहीत नसतं. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी भरती होता येतं आणि त्यावरून संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्यांना टोकलंय. जर्मनीत सैन्याचे अधिकारी शाळांत जातात, १९५८ पासून, पण त्यांना भरतीचं बोलायला मनाई आहे. संरक्षण धोरण समजावायचं, प्रश्न घ्यायचे, निघायचं. मला ती पद्धत बरी वाटते. अर्थात ही सगळी मोठ्या मुलांची गोष्ट. अंगणवाडीचा प्रश्न तुमच्याकडेच ऐकला.

मालवणची आवशी

गो बाय, माजो झील नेव्हीत आसा. सुट्टेक इलो काय वाडीतली पोरां तेच्या पाठसून. तेणां कधी कोणाक बंदूक नाय दाखवल्यान. पयल्यांदा बोटीर गेलंय तेव्हा वांती कशी झाली ता सांगल्यान, पोरां हसान हसान मेली. २०२३ क तारकर्लेक नेव्ही डे झालो तेव्हा नातवाक घेवन गेललंय. बोटी बघून खूश, आणि इमानां डोक्यावरसून गेली तशी माज्या लुगड्यात तोंड घातल्यान. पाच वर्साचा पोर ता. तेका कित्याक शपथ?

पडवीतून

आजी, तुमच्यापुढे बोलत नाही. बाणकोटच्या ताईंचंही पटलं, प्रात्यक्षिक नको. पण सुरंगीताई, जवान येऊच नयेत असं मात्र पत्रात येऊ देऊ नका. १९९३ ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं आपल्याच किनाऱ्यावर, शेखाडीला उतरली होती. सागर रक्षक दलात आपलेच मच्छीमार आहेत. किनाऱ्यावरच्या पोरांना गणवेशातला माणूस परका वाटू नये.

सुरंगी

पडवीतून, ते माझ्याही मनात नाही. सासऱ्यांना डेकवरच्यांचा प्रश्न विचारला. ते आधी चिडले, मग म्हणाले, "उस्तादाने कानाखाली आवाज काढला असता." आता गाठी शिकवायला ते स्वतः येणार म्हणतायत. त्यांना गाठी येतात का, हे मी विचारलं नाही.

पत्राचा मसुदा:

"मा. मुख्याध्यापक, जवान व माजी सैनिक यांचे शाळेत स्वागत आहे. मुले लहान असल्याने समितीची विनंती अशी की, मुलांच्या हाती कोणतेही शस्त्र देऊ नये व शस्त्रांसोबत फोटो काढू नयेत. अतिरेकी पकडण्याचे प्रात्यक्षिक वगळावे. शपथेऐवजी नेहमीची प्रतिज्ञा घ्यावी. त्या वेळेत लाइफजॅकेट, दोरीच्या गाठी व समुद्रातील सुरक्षितता यांची माहिती द्यावी व मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. अंगणवाडीच्या मुलांना अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नये."

काही राहिलं का?

काळा कोट पांढरी पट्टी

'समितीची विनंती' लिहिलंय, तर आधी सभा घ्या आणि इतिवृत्तात ठराव नोंदवा. नाहीतर 'कुठली समिती, ही एकटीच' असं होईल. फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी संमती, हेही घाला. आणि पत्राची पोच घ्या.

गुरुजी (अजून नोकरीत)

एक ओळ वाढवा: 'मुलांचे गाठी बांधतानाचे फोटो अहवालासाठी काढावेत.' मुख्याध्यापकांना वर पाठवायला काहीतरी लागेल.

सुरंगी

दोन्ही घातलं. सभा शनिवारी शाळा सुटल्यावर लावलीय, अध्यक्षांना फोन केला. डेकवरचे, व्यनि (खासगी निरोप) पाहा. लाइफजॅकेट लहान मापाची कुठे मिळतील तेवढं सांगा, आमच्या होडीवरची सगळी मोठ्यांची आहेत.