सुएझ १९७०: शस्त्रसंधी मोडली, तरी इस्रायलने हल्ला का केला नाही?

कालवाकाठ:
७ ऑगस्ट १९७० च्या मध्यरात्री इजिप्त आणि इस्रायलमध्ये ९० दिवसांची शस्त्रसंधी लागू झाली आणि लगोलग इजिप्तने विमानविरोधी क्षेपणास्त्रं सुएझ कालव्याकडे सरकवली. इस्रायलच्या गोल्डा मेयर सरकारने तेव्हाच ती का उडवली नाहीत? ‘अमेरिकेचा दबाव’ एवढ्यावर समाधान होत नाही.

तहनामा:
आधी शस्त्रसंधीचा मसुदा बघा. कालव्याच्या दोन्ही बाजूंना ५० किमीपर्यंत नवी लष्करी ठाणी आणायची नाहीत, बांधायची नाहीत. असलेल्यांची देखभाल आणि आतल्या फौजांची अदलाबदल मात्र चालेल. इजिप्तने नेमकं इथेच बोट घातलं: नवीन काही नाही, आतलीच बॅटरी (क्षेपणास्त्रांची तुकडी) या जागेवरून त्या जागेवर नेली! हे खोडायला शस्त्रसंधी सुरू झाली त्या घटकेचे फोटो हवेत. अमेरिकेकडे तेच नव्हते. यू-२ टेहळणी विमानं सायप्रसहून पाहणीला निघाली ती संधी लागू झाल्यानंतर. त्यामुळे वॉशिंग्टनने उल्लंघन उघड कबूल करेपर्यंत सप्टेंबर उजाडला.

रडारवाला:
फोटो ही अर्धीच गोष्ट. सॅम-३ क्षेपणास्त्रांवर सोव्हिएत माणसं बसली होती आणि ३० जुलैलाच इस्रायलने सोव्हिएत वैमानिकांची ५ मिग-२१ लढाऊ विमानं पाडली होती. शिवाय एखादी बॅटरी फोडून भागत नाही. उंचावर सॅम-२ गाठतं, चुकवायला खाली उतरलात की सॅम-३ टिपतं, आणि शेजारच्या बॅटऱ्या एकमेकींना झाकतात. म्हणजे अख्खा पट्टा मोडायचा. जून-जुलैत इस्रायलने फँटम विमानं गमावून झाल्यावर ते पुन्हा युद्धच.

तहनामा:
त्यात घरचं राजकारण. शस्त्रसंधीचा अमेरिकेचा प्रस्ताव स्वीकारला म्हणून बेगिन यांच्या गाहाल या उजव्या आघाडीचे ६ मंत्री ऑगस्टच्या सुरुवातीलाच बाहेर पडले होते. आता संधी आपणच मोडली तर ‘मग स्वीकारली कशाला?’ हा प्रश्न आलाच. सरकारने मधला मार्ग काढला: ६ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांचे दूत यारिंग यांच्या मध्यस्थीतल्या चर्चेतून अंग काढलं, अमेरिकेकडून शस्त्रं पदरात पाडून घेतली, डिसेंबरअखेर परत बसले. माझ्या मते सौदा महागात पडला. क्षेपणास्त्रं हटलीच नाहीत, आणि ६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्तची फौज त्याच छत्राखालून कालवा ओलांडून आली.

कालवाकाठ:
म्हणजे खरी चूक पहिला फोटो न काढण्याची?

रडारवाला:
फोटो असता, तरी बॅटरीवरचा रशियन तिथेच होता की.