२१४७४८३६४७ ला सी प्रोग्रॅम 'मूळ नाही' का म्हणतो?

गंगापूररोडकर
मूळ संख्या ओळखायचा नेहमीचाच प्रोग्रॅम आहे, एन म्हणजे दिलेली संख्या: आय दोनपासून सुरू, 'आय × आय ≤ एन' असेपर्यंत भागून बघायचं, बाकी शून्य आली की 'मूळ नाही'. सगळं इंटमध्ये (सी मधला साधा पूर्णांक प्रकार). लहान संख्यांना उत्तर बरोबर येतं, पण २१४७४८३६४७, म्हणजे २^३१ − १ दिली की बराच वेळ खाऊन 'मूळ नाही' सांगतो. ही तर मूळ संख्या ना? परवा ओरल आहे.

सातपूर_एमआयडीसी
मूळच आहे. घोळ इंटचा. ३२ बिटी इंटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० मावतो. ४६३४१ चा २१४७४८८२८१ मावत नाही, तो सहसा −२१४७४७९०१५ होऊन बसतो, म्हणजे अट खरीच. पुढेही इंटमधली कुठलीच किंमत या एनपेक्षा मोठी होणार नाही, त्यामुळे लूप थांबत नाही. शेवटी आय स्वतःच एनला पोचतो, एनला एननं भागलं की बाकी शून्य!

अट 'आय ≤ एन ÷ आय' अशी लिहा, किंवा आय लाँग लाँग (६४ बिटी) घ्या. नुसतं लाँग नको, विंडोजवर तेही ३२ बिटीच.

शून्य_बाकी
ओरलला 'भागाकार कमी कसे कराल' हे हमखास विचारतात. पी विषम मूळ असेल तर २^पी − १ चा प्रत्येक मूळ विभाजक २ × के × पी + १ (के पूर्णांक) या रूपाचा असतो, शिवाय ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७. इथे पी ३१, म्हणून २४८ नं भागून बाकी १ किंवा ६३ येणारेच तपासायचे. ४६३४० पर्यंत असे फक्त ३७३, त्यातलेही संयुक्त गाळता येतात (पहिलाच ६३ जातो). गणिती ऑयलरनं १७७२ मध्ये याच वाटेनं ही संख्या मूळ ठरवली.

फर्माची चाचणी (पायाचा एन − १ वा घात एननं भागून बाकी १ येते का बघणं) पाया २ घेऊन मात्र करू नका. २^पी − १ रूपाच्या संख्या त्यात पास होतातच, २०४७ = २३ × ८९ सुद्धा.

देवळाली_कॅम्प
त्याहून सोपी लूकास-लेहमर, खास २^पी − १ साठीची चाचणी. ४ पासून सुरुवात, दर पायरीला वर्ग करून २ वजा, मग एननं भागून बाकी. पी − २ पायऱ्यांनंतर शून्य आलं तर मूळ. १२७ साठी (पी ७): ४, १४, ६७, ४२, १११, ०. २०४७ ला (पी ११) शेवटी १७३६ उरतात, म्हणून संयुक्त. तुमच्या संख्येला २९ पायऱ्या. वर्ग ६२ बिटांपर्यंत जातो, तेव्हा इथेही लाँग लाँग हवंच.

अवांतर: आपल्या देवळालीचे गणिती कापरेकर यांच्या व्याख्येनं ही संख्या स्वयंभू (दुसऱ्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न येणारी) नाही. २१४७४८३६०६ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज ४१ मिळवा, हीच येते.

गंगापूररोडकर
'आय ≤ एन ÷ आय' केलं, लगेच 'मूळ' आलं. लूकास-लेहमरही चालली, पण पी = २ ला ३ मूळ नाही म्हणते.

देवळाली_कॅम्प
ती चाचणी विषम पीसाठीच आहे. पी = २ ला शून्य पायऱ्या होतात आणि ४ तसाच राहतो. वेगळी अट घाला.