सहा महिन्यांनंतरचा काळ

परदेशात पहिले ६ महिने निभावले की पुढे सगळे सुरळीत होते, असे अनेकदा म्हटले जाते. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट (अमेरिकी सरकारची शैक्षणिक देवाणघेवाणीची) शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा ६ ते १८ महिने राहिलेल्यांनाच तिथे रुळणे सर्वांत जड गेल्याचे आढळले होते (पुढच्या अभ्यासांत मात्र हे सर्वांना लागू पडले नाही). सुरुवातीचे दिवस घर, बँक, दवाखान्यातील नोंदणी यांत भरून जातात. ती धावपळ ओसरल्यावर, समोरच्याचा चेहरा दिसत नाही म्हणून साधा फोन करणेही, परक्या भाषेतले पहिले वाक्य मनात जुळवत, दुपारपर्यंत लांबणीवर पडते. त्या काळात नवख्यांनी स्वतःला दोष मुळीच देऊ नये, आणि दर आठवड्याला त्याच माणसांची गाठ पडेल असा एखादा वर्ग किंवा खेळाचा गट सोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.