नशा उतरल्यावरचा माणूस

‘नशा उतरली की खरा माणूस दिसतो’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. माझा मावसभाऊ हेरॉइनवर असताना थट्टेखोर, बेफिकीर. सोडल्यावर नुसता दगड! हाच खरा, असं आम्ही ठरवूनही टाकलं (घाईच आमची). पण हेरॉइन शरीराबरोबर मनाचं दुखणंही बधिर करतं, आणि सोडल्यावर मेंदूला पुन्हा आनंद जाणवायला कित्येकदा महिने लागतात. सहाव्या महिन्यात तो रडला, ऐन व्यसनाच्या काळात गेलेल्या आईसाठी. तेव्हा कुठे ओळखीचा वाटला.

आणखी एक: सोडल्यावर शरीराची तेवढा डोस सोसायची सवय मोडते. तेव्हा पुन्हा नशेकडे वळून कुणी जुन्याच मापाने डोस घेतला, तर तोच जीवघेणा ठरू शकतो.