निवृत्तांच्या आठवणी आधी की कागदपत्रे आधी? संगणक उद्योगाच्या आरंभकाळाचे जतन: टोपणनावांनी चाललेली एक चर्चा

नोंदकार

संगणक उद्योगाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ज्यांनी यंत्रे जोडली, चालवली आणि दुरुस्त केली, त्यांच्यापैकी आज हयात असलेली माणसे ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. संग्रहालये यंत्रे सांभाळतात, जुन्या मॅन्युअलची पाने स्कॅन होऊन आंतरजालावर चढतात; पण त्या पानांत काय लिहायचे राहून गेले, हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून माझे मत असे, की जतनासाठी मिळणारा वेळ आणि पैसा पुढची काही वर्षे तरी आधी निवृत्तांच्या मुलाखतींकडे वळवावा. कागद थांबू शकतात, माणसे थांबू शकत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी वापरलेल्या कोलोसस या ब्रिटिश यंत्राचे आराखडे ते घडवणाऱ्या टॉमी फ्लॉवर्स यांना वरून आलेल्या आदेशामुळे जाळून टाकावे लागले. तरीही टोनी सेल यांच्या गटाने १९९३ साली इंग्लंडमधील ब्लेचली पार्कमध्ये काम सुरू करून २००७ पर्यंत ते यंत्र पुन्हा उभे केले. हाताशी होती ती थोडी छायाचित्रे, अभियंत्यांनी स्वतःजवळ ठेवलेले सर्किटच्या आराखड्यांचे काही तुकडे आणि त्या अभियंत्यांची स्मरणशक्ती. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आयबीएम १४०१ ही १९५९ साली जाहीर झालेली प्रणाली पुन्हा चालू झाली, तीही त्याच कंपनीतून निवृत्त झालेल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे स्वेच्छेने राबून.

एक माझ्या पाहण्यातली गोष्ट सांगतो. एका लहान संग्रहाची सूची करताना एका कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, शेकडो निळ्या तारांमध्ये, एकच पिवळी तार आढळली. आराखड्यात ती नव्हती. त्या यंत्रावर काम केलेल्या एका निवृत्त अभियंत्यांना बोलावले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तार बोटाने टोकापासून टोकापर्यंत चाचपली आणि म्हणाले, "यंत्र तापले की हा सिग्नल उशिरा पोहोचायचा, म्हणून आम्ही तो जवळच्या वाटेने नेला. बदलाचा कागद नंतर निघणार होता, तो निघालाच नाही." हे ज्ञान कोणत्या स्कॅनमध्ये मिळाले असते?

कागदपुरावा

आपली कळकळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आठवण हा पुरावा नव्हे, ती पुराव्याकडे जाणारी एक वाट आहे, आणि संगणकाच्या इतिहासात ही वाट वारंवार चुकलेली आहे.

संगणकातील चुकीला किंवा बिघाडाला म्हणतात त्या 'बग' (शब्दशः किडा) या शब्दाचेच पाहा. हार्वर्ड मार्क २ या यंत्राच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या कळीत, अडकलेला पतंग हा किडा १९४७ साली नोंदवहीत चिकटवला गेला. त्या यंत्रावर काम केलेल्या ग्रेस हॉपर ही हकीकत आवडीने सांगत, आणि सांगता सांगता लोकांत असे पसरले की तो शब्दच तेथे जन्मला. नोंदवही मात्र अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात शाबूत आहे, आणि पतंगाशेजारच्या नोंदीचा आशय असा, की प्रत्यक्ष बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे शब्द आधीपासून रुळलेला होता, म्हणूनच त्या नोंदीत गंमत आहे. एडिसन यांच्या १८७८ च्या पत्रातही तो येतो. वहीचे ते पान उरले नसते, तर केवळ आठवणींच्या बळावर चुकीचा इतिहास कायमचा झाला असता.

दुसरे उदाहरण १९८० सालचे. आयबीएमची माणसे ऑपरेटिंग प्रणालीच्या बोलणीसाठी डिजिटल रिसर्च या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली, त्या दिवशी नेमके काय घडले, याविषयी तेथे हजर असलेल्यांच्याच सांगण्यात मेळ नाही. तिचे संस्थापक गॅरी किल्डॉल विमान उडवायला निघून गेले होते, ही कथा जगभर झाली, कारण ती सांगायला सोपी आहे.

मी स्वतः एका निवृत्त गृहस्थांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली होती. एका बिघाडाचे त्यांनी इतके बारीक वर्णन केले, की खोलीतला तेलाचा वाससुद्धा त्यात होता. नंतर देखभालीची नोंदवही पाहिली, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या सालानंतर दोन वर्षांनी ते यंत्र तेथे बसवले गेल्याचे दिसले. ते खोटे बोलत नव्हते. दोन यंत्रांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या होत्या.

आणि कागद थांबू शकतात, हे आपले गृहीतकच मला धोक्याचे वाटते. अनेक जुन्या चुंबकीय टेपवरील लेप धरून ठेवणारे द्रव्य ओलावा शोषून चिकट होते. अशी टेप कमी उष्णतेत बराच वेळ तापवून मगच वाचावी लागते, आणि पुढे पुन्हा वाचता येईलच याची खात्री नसते. टेपही माणसांइतक्याच वेगाने हातची जात आहे.

नोंदकार

टेपचा मुद्दा बिनशर्त मान्य. 'कागद' हा शब्द मी सैलपणे वापरला.

परंतु कागदपत्रे असूनही इतिहास मुका राहतो, त्याचे काय? एनिॲक हा अमेरिकेतील सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक १९४६ साली जगासमोर आला. त्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या स्त्रियांची छायाचित्रे अभिलेखागारात होती, पण नावे नव्हती. अभ्यासक कॅथी क्लायमन यांनी १९८०च्या दशकात चौकशी केली, तेव्हा या शोभेसाठी उभ्या केलेल्या मॉडेल असाव्यात, असे उत्तर त्यांना मिळाले. प्रत्यक्षात एनिॲकचे प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहा जणी होत्या, आणि हयात असलेल्यांना शोधून, त्यांच्याशी बोलूनच त्यांचे काम प्रकाशात आले. पुरावा चाळीस वर्षे डोळ्यांसमोर होता. वाचणारे चुकत होते.

जुना देखभालवाला

मी या वादातील 'निवृत्त' आहे, म्हणून लिहितो. माझी दोनदा मुलाखत झाली. दोन्ही वेळा मला "त्या काळी कसे होते?" असे विचारले गेले, आणि दोन्ही वेळा मी तेच सांगितले, जे लग्नकार्यात सांगत आलो आहे. पुन्हा पुन्हा सांगून गुळगुळीत झालेले किस्से होते ते. तिसऱ्यांदा एक मुलगी माझ्यापुढे प्रिंटरच्या मॅन्युअलचे पान ठेवून गप्प बसली. हातोड्यांची वेळ जुळवण्याचे ते पान होते. पाच मिनिटांत मला पुस्तकात नसलेली युक्ती आठवली: छापलेल्या ओळीतील एखादे अक्षर कडेला फिके दिसू लागले की कोणता स्क्रू किती फिरवायचा, आणि तो फिरवताना कान कुठे द्यायचा. ही गोष्ट मला आठवते हे मलाच ठाऊक नव्हते. म्हणून कागदपुरावा यांना मी सांगेन, की दोष स्मरणशक्तीइतकाच प्रश्न विचारणाऱ्याचाही आहे.

आणखी एक अडचण. माझ्या माळ्यावर चार खोकी आहेत. त्यांतले काही कागद मी फेकले जाताना उचलून आणले. ते कंपनीचे ठरतात का, गोपनीयतेचा जुना करार आजही लागू आहे का, हे मला कोणी नीट सांगितलेले नाही. माझ्यासारखे अनेक जण याच भीतीने गप्प बसतात, आणि आमच्यामागे मुले खोकी रद्दीत देतात. केंब्रिजमधील एडसॅक या सुरुवातीच्या संगणकाची प्रतिकृती बांधणे सुरू असताना, २०१४ साली, एका माजी अभियंत्याने पन्नासहून अधिक वर्षे जपलेले मूळ आराखडे पुढे आले. ते रद्दीत गेले असते, तर कागद आधी की माणूस आधी, हा प्रश्न विचारायलाही काही उरले नसते.

तिसरी प्रत

दोन्ही पक्ष साठवण गृहीत धरत आहेत. लोकांना मोफत संकेतस्थळे उभारू देणारी जिओसिटीज ही सेवा २००९ साली बंद झाली, तेव्हा हौशी लोकांनी लिहिलेल्या पानांचे ढीगच्या ढीग नाहीसे झाले. जे वाचले ते स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतले म्हणून. निवृत्त माणसाने स्वतःच्या खर्चाने चालवलेले संकेतस्थळ त्याच्या शेवटच्या वार्षिक शुल्काबरोबर संपते. संगणकाचा इतिहास जपणाऱ्या, मिनेसोटा विद्यापीठातील चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत मुलाखतीची शब्दशः प्रत जमा झाली, तर ती एका माणसाच्या खिशावर अवलंबून राहत नाही. मुलाखत कोठे ठेवणार हे ठरल्याशिवाय ती घेऊच नये, असे माझे मत आहे.

कागदपुरावा

पान पुढे ठेवून विचारण्याची पद्धत मला पटली, आणि माझ्या मुलाखतीत ती मी वापरली नव्हती, हेही कबूल करतो. पण पान पुढे ठेवायचे तर ते आधी सापडले, स्कॅन झाले आणि सूचीत चढले पाहिजे. म्हणून क्रम माझ्या मते तोच राहतो. तसेच नोंदींशी ताडून न पाहिलेली मुलाखत इतिहास म्हणून प्रसिद्ध करण्याला माझा विरोध कायम आहे. नोंदकार, त्या पिवळ्या तारेची हकीकत आपण कशाशी ताडून पाहिली?

नोंदकार

तारेचे छायाचित्र आणि कॅबिनेटचा क्रमांक नोंदवला आहे, अभियंत्यांचे म्हणणे त्यांच्याच आवाजात आहे. बदल कोणत्या साली केला, हे त्यांना सांगता आले नाही. त्याच यंत्राच्या देखभाल नोंदवह्यांची दोन खोकी आमच्याकडे अजून न उघडलेली आहेत. ती या आठवड्यात उघडतो, आणि तापमानाच्या बिघाडाची नोंद असलेले पान मिळाले, तर ते घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जातो.